डोंगर मंडळाचा नाही

दौंड
२१ जुलै २००३

सचिव, घोडनदी गिरिभ्रमण मंडळ, शिरूर यांस
(मार्फत आपले केंदूरचे घर)

जय भीम.

माझा अर्ज परत मिळाला. सोबत चिठ्ठी नाही, सही नाही. 'वय' या रकान्यातल्या ६१ या आकड्याभोवती लाल पेनाने एक गोल आहे, बस. आमच्या कॉन्व्हेंटात गणित चुकलं की सिस्टर असा गोल करायच्या. मी वय चुकवलेलं नाही. जन्म १९४२ चा. आकडेमोड करून पाहावी.

दौंडच्या एसटी स्टँडवर तुमची जाहिरात मी उभी राहून दोनदा वाचली. 'पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी. जुन्नर तालुक्यातला कुंभकडा. सर्व निसर्गप्रेमींना आमंत्रण.' सर्व म्हणजे कोण, हे खाली कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दौंड जंक्शनवर रेल्वेच्या टेलिफोनवर मी बत्तीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. रोज पहाटे भीमेच्या पुलापर्यंत जाऊन येते. माझी शेजारीण पार्वतीबाई रेल्वेच्या दवाखान्यात आया होती. तिच्याबरोबर मी गेल्या हिवाळ्यात सिंहगड दोनदा चढले. दुसऱ्या वेळी आमच्या मागून निघालेली कॉलेजची मुलं आम्ही पिठलं खाऊन उतरताना वर येत होती.

काही लोक आडनाव विचारून ठरवतात, तुम्ही जन्मसाल विचारून ठरवता. मला दोन्हींची सवय आहे. मान्य मात्र दोन्ही नाहीत.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माणसं किती सहज खोटं बोलतात हे मी बत्तीस वर्षं ऐकलं आहे. कारण लेखी कळवावं.

गौतमी ओव्हाळ


केंदूर
२८ जुलै २००३

आदरणीय ओव्हाळ मॅडम,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. मोहिमेसाठी १८ ते ५५ ही वयोमर्यादा मंडळाच्या कार्यकारिणीने सर्वांच्या सुरक्षिततेसाठी ठरवली आहे. कुंभकड्याच्या माथ्याखाली सुमारे दोनशे पावलांची अरुंद धार आहे. दोन्ही बाजूंना दरी. पावसाळ्यात हवामानाचा भरवसा नसतो. आपल्या उत्साहाचा मंडळाला आदर आहे, पण नियमाला अपवाद करता येत नाही.

ज्येष्ठांसाठी मंडळ दसऱ्यानंतर रांजणगाव गणपतीच्या दर्शनाची सहल काढत आहे. बस अगदी दारापर्यंत जाते. आपले नाव नोंदवू का?

आपला नम्र,
रविराज साकोरे
सचिव


दौंड
३१ जुलै २००३

श्री. साकोरे,

वरती 'जय भीम' लिहिणाऱ्या बाईला तुम्ही गणपतीच्या सहलीचं आमंत्रण दिलंत. पत्र पूर्ण न वाचता उत्तर लिहिण्याची ही पद्धत तुम्ही मंडळात शिकलात की घरी?

'कार्यकारिणीने ठरवली' हे वाक्यही मला ओळखीचं आहे. आमच्याकडे गाडी लेट झाली की प्रत्येक स्टेशन म्हणायचं, 'मागून लेट आली.' मागे जात जात शेवटी एक माणूस सापडायचाच.

धार अरुंद आहे, मान्य. पण अरुंद जागी वय पडत नाही, घाई पडते.

तुमच्या मंडळात यायचा माझा हट्ट संपला. मात्र डोंगर मंडळाचा नाही. सोळा ऑगस्टला, शनिवारी, मी आणि पार्वतीबाई आमच्या आम्ही कुंभकडा चढणार आहोत. एसटीने जाऊ, स्वतःच्या भाकऱ्या नेऊ. तुमच्या माणसांना वाटेत भेटलो तर नमस्कार करू. मार्गदर्शन करू नये.

गौतमी ओव्हाळ


केंदूर
४ आगष्ट

गौतमीताईंस सोजराबाईचा नमस्कार.

तुमी मला वळखत न्हाई. मी रव्याची आई. ज्याला तुमी पत्र लिवता तो रविराज. तुमची दोन्ही पत्रं त्यानं टेबलावर टाकली व्हती, मी वाचली. दुसऱ्याचं वाचू न्हाई हे मला कळतं. पर माझी चौथी झाल्याली हाय आन् घरात वाचाया पंचांग सोडून काय नसतंय. तुमचं भारी वाटलं. सिंहगडाचं तर मी तीनदा वाचलं.

आता कामाचं सांगते. कुंभकड्याच्या पायथ्याला कुंभवाडी हाय, ते माझं म्हायेर. लहानपणी मी त्याच डोंगराला शेरडं राखली. पर बायकांनी पाण्याच्या टाक्यापातूरच जायाचं, त्याच्या वर न्हाई, आशी तिथली रीत. टाक्याच्या वर ती धार आन् मंग माथा. पोरं वर जायाची, आमी पोरी टाक्यापाशी बसून त्यांची वाट बघायचो. वर काय हाय म्हणून भावाला इचारलं तर हसायचा. म्हणायचा, तुला कळून काय करायचंय.

मला सत्तावन वर्षं झाली. रव्याला म्हणलं, तुझ्या मंडळासंगं मला ने. तर म्हणला, आई, पंचावन्नच्या वर घेत न्हाईत, नियम हाय.

तुमच्यासंगं मी आले तर चालंल का? वाट टाक्यापातूर डोळं मिटून ठावं हाय. राह्याचं भावाकडं. रव्याला सांगू नगा. त्याला मी म्हायेराला जाते एवढंच सांगणार हाय, आन् ते खोटं बी न्हाई.

सोजराबाई


दौंड
७ ऑगस्ट २००३

प्रिय सोजराबाई,

पत्र वाचून पार्वतीबाई म्हणाली, 'ही बाई आपल्यातली आहे.' मी म्हटलं, आपल्यापेक्षा पुढची आहे, हिला वाट माहीत आहे.

जरूर या. शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने आम्ही कुंभवाडीला उतरतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. तुमच्या भावाच्या घरी आम्ही बौद्ध आहोत हे कळल्यावर चुलीची अडचण होणार असेल तर लाजू नका, आम्ही शाळेच्या व्हरांड्यात झोपू. डबा आमचा आम्ही आणतोच.

चपलेचा मागचा पट्टा पाहून घ्या. पाऊस, ऊन आणि धुकं तिन्हीची तयारी ठेवा. सकाळी सहाला निघायचं. मंडळाचे लोक नऊशिवाय निघणार नाहीत, आधी त्यांची भाषणं होतील.

रविराजला मी काही सांगणार नाही. विचारलं तर खोटंही बोलणार नाही. पण तो विचारणार नाही. मुलं आईबद्दल विचारत नाहीत.

तुमची,
गौतमी


केंदूर
११ ऑगस्ट २००३

आदरणीय मॅडम,

आपण स्वतंत्रपणे येत आहात, ही आपली जबाबदारी आहे. मंडळावर कोणताही भार येणार नाही, याची लेखी नोंद असावी म्हणून हे पत्र.

माणूस म्हणून एक सांगू का? मी कठोर नाही. माझ्या स्वतःच्या आईलाही यायचं होतं. ती सत्तावन्न वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला मी नेलं नाही. ती समजूतदार आहे. सुट्टीला निवांत माहेरी गेली आहे. आपणही असाच विचार करावा, ही विनंती.

रविराज साकोरे


केंदूर
२२ ऑगस्ट २००३

आदरणीय मॅडम,

सोबत मंडळाच्या पत्रकाची प्रत पाठवत आहे. मोहिमेचा अहवाल पान दोनवर आहे. तो असा:

'दि. १६ रोजी मंडळाच्या २२ सदस्यांनी कुंभकडा सर केला. धारेवर अचानक धुके आल्याने काही काळ थांबावे लागले. सचिवांच्या मार्गदर्शनाखाली सर्व सदस्य सुखरूप माथ्यावर पोहोचले. स्थानिक महिलांचे सहकार्य लाभले.'

आईचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. घरातली गोष्ट घरात राहावी. आपण समजून घ्याल.

आपल्या सहकार्याबद्दल आभारी,
रविराज


दौंड
२६ ऑगस्ट २००३

श्री. साकोरे,

'स्थानिक महिला'! मी दौंडची. पार्वतीबाई दौंडची. तुमची आई गेली चाळीस वर्षं केंदूरची. तिघींपैकी स्थानिक कोण? आणि 'सहकार्य' म्हणजे काय, आम्ही पाणी वाढलं का?

तुमचा अहवाल चुकला आहे. बरोबर असा आहे. जपून वाचा.

आम्ही टाक्यापाशी साडेनऊला पोहोचलो. तोवर दोन सरी आणि दोनदा कडक ऊन होऊन गेलं होतं. पार्वतीबाईने एकदा छत्री उघडली, मिटली, उघडली, आणि मग म्हणाली, 'याचं काय ते ठरू दे, मग मी बघते.' सोजराबाईंनी डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतली होती. टाक्यापाशी त्या थांबल्या. पुढे पाऊल टाकेनात. मी घाई केली नाही. तिथेच आम्ही भाकरी खाल्ली, माझ्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी त्यांनी दोनदा मागून घेतली.

अकराच्या सुमाराला तुम्ही पहिली तुकडी घेऊन आलात. मला पाहून तोंड कडू केलंत. खोळीतल्या बाईचं नाक तेवढं दिसत होतं. तिला तुम्ही काय म्हणालात आठवतं का? 'जपून बसा हो मावशी, दगड निसरडे आहेत.' आणि धारेवर निघून गेलात. सोजराबाई खोळीत इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग उठल्या आणि म्हणाल्या, 'चला, आता जाते. ज्याला आई वळखू येत न्हाई, त्याचा नियम मला कशाला?'

आणि धुकं आलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. तुमची तुकडी धारेच्या पलीकडे, तुमच्या मंडळातल्या महेंद्रची दुसरी तुकडी आमच्यापाशी अलीकडे. तुम्ही पलीकडून ओरडत होतात, 'या, या!' महेंद्र इकडून ओरडत होता, 'थांबा, थांबा!' तुमचं ऐकून इकडचे दोघे धारेवर शिरले, त्याचं ऐकून तिकडचे तिघे परत वळले. दोनशे पावलांच्या धारेवर, दोन्ही बाजूंना दरी असताना, समोरासमोर! रेल्वेत याला काय म्हणतात ते मी पत्रात लिहीत नाही.

तेव्हा मी ओरडले. सिस्टरनी आवाज पोटातून काढायला शिकवलं होतं, ते साठ वर्षांची झाल्यावर कामी येईल असं त्यांना वाटलं नसेल. 'जो जिथे आहे तिथे खाली बसा!' सगळे बसले. तुम्हीसुद्धा बसलात, कारण तुमचा 'या, या' बंद झाला.

आमच्याकडे सिग्नलचं यंत्र बंद पडलं की फोनवर काम चालायचं. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. पुढचं स्टेशन 'लाइन क्लिअर' म्हणेपर्यंत मागच्याने गाडी सोडायची नाही, मग समोर साक्षात मंत्री उभा असो. धारेवर तेच केलं. मधल्या पाच जणांना नावाने एकेक करून जवळच्या टोकाला काढलं. मग मोजणी. महेंद्रकडे अकरा. तुम्ही पलीकडून सांगितलंत, दहा. बावीसात एक कमी. पोपटराव कुठे? महेंद्र म्हणाला, 'ते रविराजबरोबर गेले.' तुम्ही म्हणालात, 'ते महेंद्रबरोबर मागे राहिले.' तुमच्या शिक्रापूरच्या कंपनीत शिफ्ट बदलताना अशीच माणसं सोपवता का? पहिली म्हणते दुसरीने घेतला, दुसरी म्हणते पहिलीने ठेवला, आणि माणूस मधेच!

मी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसायला सांगितलं. पुरुषांना हे फार जड गेलं. पण गप्प झाल्यावर ऐकू आलं. डावीकडून, खालून, बारीक आवाज: 'अहो... कुणी हाय का?'

मंडळाच्या अध्यक्षांचे मेहुणे, कँटीनचे ठेकेदार, वय चोपन्न, म्हणजे तुमच्या नियमात अगदी चपखल बसणारे, धार सुरू होण्याआधीच वाट चुकून खालच्या गवताच्या पट्टीवर उतरले होते.

सोजराबाई म्हणाल्या, 'ती शेरडांची वाट हाय. तिकडनं जाता येतं, धारंच्या पल्याड निघती. मी लई येळा शेरडं हाकलीत तिथनं.' चपला काढून माझ्याकडे दिल्या. मी म्हटलं, पोहोचलात की ओरडून सांगायचं, त्याआधी इकडून कुणीही हलणार नाही. त्या धुक्यात गेल्या.

सोळा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं, कारण दुसरं काही पाहण्यासारखं नव्हतं. पार्वतीबाईने माझा हात धरून ठेवला होता, ती असं कधी करत नाही. तुमच्या आईला मी त्या वाटेवर सोडलं होतं. काही झालं असतं तर तुमचा नियम बरोबर ठरला असता आणि मी जन्मभर चूक. हे तुम्हाला मी पहिल्यांदाच सांगते आहे.

मग पलीकडून आवाज आला: 'लायन किलेर! आन् रव्या, तुझं पोपटमामा घावलं! शेव खात बसलं व्हतं!'

रव्या. अकरा माणसं इकडे ऐकत होती.

एकेक करून सगळी तुकडी मी धारेवरून सोडली. पलीकडून तुमची आई प्रत्येकाला 'लायन किलेर' देत होती. सगळ्यांत शेवटी पार्वतीबाई, मग मी. सगळे सुखरूप पोहोचले, हे तुमच्या अहवालातलं एवढं एकच वाक्य खरं आहे.

माझं नाव नको असेल तर गाळा. सोजराबाईंचं नाव गाळलेलं मी चालू देणार नाही. सुधारून छापा. आणि तो नियम कार्यकारिणीतल्या कुणाच्या डोक्यातून निघाला, ते मला नावानिशी कळवा.

गौतमी ओव्हाळ


केंदूर
१४ सप्टेंबर २००३

आदरणीय गौतमीताई,

जय भीम.

तुमचं पत्र आल्यावर मी पंधरा दिवस ते खिशात घेऊन कंपनीत जात होतो. आज उत्तर लिहितो आहे.

नियम माझ्या डोक्यातून निघाला. कार्यकारिणीने फक्त हात वर केले. आईने मे महिन्यातच विचारलं होतं, मला ने म्हणून. तिच्या तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून नियम केला आणि नियमाला पुढे केलं. गुडघेदुखीही मीच जोडली. तिचे गुडघे कधी दुखले नाहीत. तुम्ही म्हणालात तसं, मागे जात जात माणूस सापडला.

पलीकडे काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून सांगतो. धुक्यातून आधी पोपटमामा आले, त्यांनी कुणाचा तरी पदर धरला होता. लहान मुलासारखा, दोन्ही हातांनी. मग खोळ. मी पुढे होऊन 'धन्यवाद मावशी' म्हणणार, तेवढ्यात ती तुमच्याकडे तोंड करून ओरडली. मला नुसतं खाली बसावंसं वाटलं, आणि बसलोच. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं शिव्या घालेल. तर म्हणाली, 'सरक. वाटंत बसू नगं. मागनं बाया येत्यात.'

माथ्यावरचं तुम्ही पाहिलंतच, पण मला ते लिहायचं आहे. ती एकटी चारी बाजूंना फिरली. गवत, तीन दगड, वारा. परत येऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, 'येवढंच?' मी मान हलवली. ती म्हणाली, 'येवढ्यासाठी आमाला खाली बसवलं व्हय रं?' आणि हसायला लागली. तुम्ही आणि पार्वतीमावशीही हसायला लागलात. मंडळाची बावीस माणसं तिघींकडे बघत उभी होती. तेवढ्यात ढग फाटले, खाली कुंभवाडी दिसली, माझ्या मामाच्या, म्हणजे आईच्या भावाच्या घराचे पत्रे चमकले आणि आई कड्याकडे धावत जाऊन ओरडली, 'ए दादा! मी वर हाय!' मी तिला आजवर एवढ्या मोठ्यांदा ओरडताना ऐकलं नव्हतं. तिला एवढा आवाज आहे, हे मला एकतीस वर्षांत कळलं नाही.

काल मंडळाची सभा झाली. अध्यक्ष हौसरावआप्पा म्हणाले, 'नियम काढायला कुणी तरी ठराव मांडावा लागंल.' पोपटमामा उभे राहिले. 'मी मांडतो,' म्हणाले. 'चोपन्न वर्षाचा माणूस हरवतो आन् सत्तावन्न वर्षाची बाई त्याला हुडकून आणती, मंग नियमाला काय जाळायचं हाय?' ठराव एकमताने मंजूर झाला. सुधारलेलं पत्रक सोबत आहे. तिघींची नावं वर आहेत. माझं खाली आहे, 'धारेवर बसून राहिलेले सदस्य' या यादीत. ती ओळ मी स्वतः घातली.

डिसेंबरच्या मोहिमेत धारेवरचं काम तुम्ही आम्हाला शिकवाल का? फी घेणार नाही. म्हणजे तुमच्याकडून घेणार नाही, तुम्हाला देणार.

तुमचा,
रविराज (रव्या)


कुंभवाडी
२४ सप्टेंबर

गौतमीताईंस व पार्वतीबाईस सोजराबाईचा नमस्कार.

रव्यानं तुमाला लिवलं आसं म्हणला. तुमी त्याला हो म्हणलात म्हणे, पर आधी शुद्धलेखन सुधार आशी आट घातली. बरं केलं.

मी परत म्हायेराला आल्ये. दादा माझ्याशी दोन दिस बोलत नव्हता. म्हणला, रीत मोडलीस. मी म्हणलं, दादा, मला येक सांग. वर काय न्हाई हे तुला ठावं व्हतं ना? तो म्हणला, व्हतं. मी म्हणलं, मंग हसत का व्हतास? तर म्हणला, पयल्या बारीला गेलो तवा मला बी वाटलं, येवढंच? पर खाली येऊन तसं सांगितलं आसतं तर तुमी पोरींनी आमाला कशाला इचारलं आसतं!

ही गोष्ट मी हापश्यावर सगळ्या बायांना सांगितली. धुरपदा वैनी तर पाणी भरायचं सोडून खालीच बसली, हसून हसून. तिचं लगीन होऊन पस्तीस वर्षं झाली, डोंगर रोज दारातनं दिसतोय.

तर परवाच्या इतवारी आमी गेलो. अकरा जणी. सगळ्यांत म्हातारी सगुणाबाई, सत्तरीची, आन् सगळ्यांत ल्हान तिची नात. सकाळी ऊन, टाक्यापाशी पाऊस, धारंवर धुकं. मी तुमच्यावानी सगळ्यांना खाली बसवलं आन् येकेकीला सोडलं. अकरा गेल्या, अकरा मोजल्या. बाप्ये समदे पायथ्याला पिंपळाखाली बसून आमची वाट बघत व्हते.

खाली आलो तवा दादानं सगुणाबाईला इचारलं, काय हाय म्हातारे वर?

सगुणाबाई म्हणली, तुला कळून काय करायचंय.

पुढच्या इतवारी परत जायाचं ठरलंय. तुमी दोघी येताय न्हवं? चुलीची अडचण न्हाई. दादाची बायको म्हणती, बोंबलाची चटणी जास्तीची आणा.

तुमची,
सोजराबाई